निविदा भरायची की नाही?

माझे काका १९९६ साली मुंबईच्या एका औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून कीव्हला गेले आणि २०१७ पर्यंत तिथेच राहिले. पहिली काही वर्षं कंपनीची नोकरी, नंतर स्वतःचा छोटा वितरणाचा धंदा. सलाइनचे सेट, हातमोजे, प्रतिजैविकं, असा रुग्णालयांना लागणारा माल ते पुरवायचे. म्हणजे त्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक युक्रेनचं सरकारच. मी इकडे महाराष्ट्रात एका सरकारी कार्यालयाच्या खरेदी शाखेत आहे. निविदा काढणं, तांत्रिक लिफाफा उघडणं, दरांचा तुलनात्मक तक्ता करणं, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तरं देणं, यात माझा दिवस जातो. टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना आयुष्य काढलेली आम्ही दोघं एका घरात भेटलो की बोलणं निविदांवर येतंच.

२०१४ नंतर युक्रेनने सरकारी खरेदीत जो बदल केला त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. काकांना नाही असं नाही, पण त्यांचा आदर हातचं राखून असतो. गेल्या पावसाळ्यात ठाण्याला त्यांच्याकडे दोन दिवस राहिले, तेव्हा आमचं हे बोलणं झालं.

मी : काका, ज्या व्यवस्थेला २०१६ मध्ये लंडनला पारितोषिक मिळालं, ती तुमच्या डोळ्यांदेखत उभी राहिली. तरी तिचा विषय निघाला की तुमच्या प्रत्येक वाक्यात एक 'पण' येतो.

काका : कारण तू ती खरेदीदाराच्या खुर्चीतून बघतेस. मी पुरवठादार होतो. व्यवस्था चांगली की वाईट, हा विचार मी रात्री घरी आल्यावर करायचो. दिवसा मला एकच ठरवायचं असायचं, ही निविदा भरायची की नाही. कागद जमवायला चार दिवस जाणार, पैसे अडकणार, ऑफिसातला एक माणूस त्यातच गुंतणार. एवढं करून काम मिळायची शक्यता किती, आणि मिळालं तर बिल कधी निघणार? धंदेवाल्याचं सरकारबद्दलचं मत कळून घ्यायचं असेल तर त्याला मत विचारू नकोस. त्याने किती निविदा भरल्या आणि किती सोडून दिल्या, ते बघ.

मी : तेच तर म्हणते मी. आधी जे भरत नव्हते ते नंतर भरायला लागले.

काका : थांब. आधी म्हणजे काय होतं, ते ऐक. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या धंदेवाल्याचं मन कोरी पाटी नव्हतं. सोव्हिएत काळात कारखान्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नसे. काय बनवायचं ते गोस्प्लान ठरवणार, कच्चा माल कुठून यायचा ते गोस्नाब ठरवणार. कागदावर सगळं बसलेलं, आणि प्रत्यक्षात पोलाद वेळेवर येत नाही. म्हणून मोठ्या कारखान्यांकडे एक 'तोल्काच' असायचा, म्हणजे ढकलणारा. तो रेल्वेने दुसऱ्या शहराला जायचा, तिथल्या पुरवठा अधिकाऱ्याकडे बसायचा, ओळखी काढायचा आणि माल ढकलत ढकलत घेऊन यायचा. या ओळखीपाळखीला शब्द होता 'ब्लात'.

मी : म्हणजे आपला वशिला.

काका : वशिलाच. फक्त वशिल्याची आपल्याकडे थोडी तरी लाज वाटते. तिथे ज्याच्याकडे ब्लात तो कर्तबगार, असं घरातल्या बायकामाणसांनाही वाटायचं, कारण त्याशिवाय घरात बूट येत नव्हते. माझ्या गोदामाचा पहिला व्यवस्थापक आयुष्यभर तोल्काच होता. अतिशय सज्जन माणूस. निविदेची जाहिरात त्याच्यापुढे ठेवली की तो आधी विचारायचा, 'तिथे आपलं कोण आहे?' दर काय लावायचा ते नंतर. सरकार वाटप करायचं सोडून खरेदी करायला लागलं, कारखाने खासगी झाले, रुबल जाऊन ह्रिव्निया आला, आणि त्याचा हा प्रश्न जागचा हलला नाही.

मी : पण २००० साली कायदा आला ना?

काका : आला. आणि २००५ नंतर काय झालं ते तुझ्या वाचनात आलं असेलच. देखरेखीचे बरेच अधिकार 'टेंडर चेंबर' नावाच्या एका बिगरसरकारी संघटनेच्या हाती गेले. निविदेच्या वाटेवर पावलोपावली पैसे मोजा, अशी गत. शेवटी २००८ मध्ये संसदेला तो कायदाच रद्द करावा लागला. मग २०१० मध्ये नवा कायदा. आता सांग, पुरवठादाराने यातून काय शिकायचं? नियम दोन-तीन वर्षांत बदलतात आणि खरेदी खात्यातली माणसं तीच राहतात. चार पैसे आणि चार तास कुठे घालावेत, नियम वाचण्यात की माणसं जपण्यात?

या काळातले दोन शब्द काकांच्या बोलण्यात अजून येतात. पहिला 'ओत्कात'. तोफ डागल्यावर ती मागे सरकते, तो धक्का म्हणजे ओत्कात. कंत्राटाच्या रकमेतून जो हिस्सा मागच्या दाराने अधिकाऱ्याकडे परत जातो, त्यालाही हेच नाव. आपल्याकडचा शब्द टक्केवारी. आपण आकड्यावर बोट ठेवलं, त्यांनी दिशेवर. दुसरा शब्द 'प्रोक्लाद्का'. नळाच्या दोन तुकड्यांमध्ये जी चकती बसवतात, गॅस्केट, ती. कारखाना आणि सरकारी कार्यालय यांच्या मध्ये बसवलेली कागदी कंपनी म्हणजे प्रोक्लाद्का. तिच्याकडे ना गोदाम ना गाडी, नुसता शिक्का. मी हे शब्द ऐकते तेव्हा मला वाटतं, ज्या समाजाने या गोष्टीला इतकं नेमकं नाव दिलं, त्याला ती दिसत नव्हती असं म्हणताच येणार नाही. दिसत सगळ्यांना होतं. पुरावा कुणाच्या हाती नव्हता.

मी : म्हणूनच कीव्हच्या 'मैदान' चौकातल्या आंदोलनानंतर जे झालं त्याचं मला मोल वाटतं. २०१४ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळाले. तिजोरी रिकामी, क्रिमिया गेलेला, पूर्वेला लढाई. आणि अशा वेळी काही स्वयंसेवक जमतात, त्यात ओलेक्सांद्र स्तारोदुब्त्सेव्हसारखा शेअर बाजाराच्या ऑनलाइन व्यवहारांतून आलेला माणूस असतो, जॉर्जियाने २०१० पासून चालवलेल्या इलेक्ट्रॉनिक खरेदीचा अनुभव असलेले सल्लागार असतात, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत प्रयोग सुरू होतो. 'प्रोझोरो', म्हणजे पारदर्शकपणे. दीड वर्षात, १ ऑगस्ट २०१६ पासून, ते सगळ्या सरकारी खरेदीदारांना बंधनकारक! काका, आमच्याकडे एक नमुना बदलायला दीड वर्ष लागतं.

काका : हे खरं आहे. आणि त्यांची एक युक्ती मला धंदेवाला म्हणून फार आवडली. माहितीचा मूळ साठा सरकारचा आणि सगळ्यांना खुला, पण निविदा भरायची खिडकी खासगी. एक नाही, अनेक. या खिडक्यांमध्ये आपापसांत चुरस. पुरवठादाराने निविदा भरली की खिडकीवाल्याला शुल्क मिळतं, तेव्हा १७ ते १,७०० ह्रिव्निया असायचं. म्हणून ते लोक स्वतःहून मला फोन करायचे, 'खार्कीव्हच्या रुग्णालयाची निविदा निघाली आहे, भरताय का?' सरकारी कामासाठी मला कुणी बोलवतंय, असं वीस वर्षांत पहिल्यांदा घडलं.

मी : आणि लिलाव?

काका : तो सांगतो. २०१६ चा हिवाळा. कीव्हपासून लांबच्या एका रुग्णालयाची हातमोज्यांची निविदा. त्या गावात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पूर्वीचा व्यवस्थापक असता तर म्हणाला असता, आपलं कोणी नाही, सोडा. आम्ही भरली. लिलावाच्या वेळी मी आणि माझी हिशेबनीस एका संगणकापुढे बसलो. आधी सगळ्यांनी टाकलेले बंद दर उघडतात, मग तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत ज्याचा दर सर्वांत जास्त त्याने आधी बोलायचं, सर्वांत कमी असलेल्याने शेवटी. मिनिटं मोजलेली. समोर कोण आहे ते कळत नाही, नुसते क्रमांक दिसतात. आम्ही दुसऱ्या फेरीत थोडं उतरलो, तिसरीत आणखी उतरलो, आणि कुणीतरी आमच्याखाली गेला. फरक इतका कमी होता की हिशेबनीस रडवेली झाली.

मी : आणि तुम्ही?

काका : मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून जिंकणाऱ्याची कागदपत्रं वाचली. ती सगळ्यांना खुली असतात. पोल्टाव्हाकडचा एक माणूस होता. माल तसाच, वाहतूक जवळची, म्हणून त्याला परवडलं. मला राग आला नाही. अगं, वीस वर्षांत शेकड्याने निविदा हरलो होतो, पण आपण का हरलो हे मला पहिल्यांदा कळलं. मी चहा केला आणि हिशेबनिसाला म्हटलं, पुढच्या वेळी वाहतुकीचा दर पुन्हा ठरवू. त्याआधी हरलो की आम्ही ठरवायचो, पुढच्या वेळी कुणाला भेटायचं.

मी : मग यावर 'पण' कुठून येतो?

काका : तुला आठवतंय, तूच मला एकदा फोनवर सांगितलं होतंस, एका यंत्राचं विनिर्देशपत्र तू कसं लिहिलंस ते?

मला आठवत होतं, आणि ते आठवायला मला आवडत नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका उपकरणाची निविदा काढायची होती. त्यातलं मला काही कळत नव्हतं, विचारायला तज्ज्ञ नव्हता आणि मार्चअखेर आली होती. मी एका कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवलं आणि त्यातली मापं जशीच्या तशी उतरवली. मला कुणी पैसे दिले नव्हते, कुणाचा फोन आला नव्हता. तरी ती निविदा त्या एका कंपनीचीच झाली. बाकीच्यांनी ती वाचली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? बाई विकली गेली आहे, हेच. आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

काका : बघ. लिलावाची अर्धी घटका सगळ्या देशाला दिसते. निविदा लिहिली जाते तेव्हा खोलीत कोण बसलं होतं, ते दिसत नाही. मला एकदा अशी निविदा आली की गोळ्यांचं पाकीट वीसचंच पाहिजे. दहाचं नको, तीसचं नको. वीसचं पाकीट एकाच उत्पादकाचं. रुग्णाला गोळी पोटात घ्यायची आहे, पाकीट नाही! ही निविदा प्रोझोरोवर आली काय आणि दाराला चिकटवली काय, मी ती भरणार नाही. आणि मी भरली नाही की आकडेवारीत काय लिहिलं जातं? 'एकच निविदाकार आला.' मग विचारतात, धंदेवाले का येत नाहीत?

मी : पण आता ती निविदा कायमची जाळ्यावर राहते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या युक्रेन शाखेने 'दोझोरो' सुरू केलं. कुणीही जाऊन निविदेवर शेरा लिहू शकतो. स्वयंसेवी गट अशाच वीस गोळ्यांच्या अटी शोधत असतात. आणि स्पर्धा मोडणाऱ्या अटींवर थेट प्रतिस्पर्धा आयोगाकडे तक्रार करता येते.

काका : करता येते. आता माझ्या एका न केलेल्या तक्रारीची गोष्ट ऐक. २०१७. मी सर्वांत कमी दराने लिलाव जिंकलो. चार दिवसांनी बाद. कारण, एका पत्रावर जावक क्रमांक नव्हता. काम माझ्यानंतरच्याला, जास्त दराने. तक्रारीचं शुल्क ५,००० ह्रिव्निया, आणि तक्रार खरी ठरली तरी ते परत मिळत नसे. ते पैसे मी भरले असते. वकिलाने मसुदासुद्धा तयार केला. माझी बाजू बरोबर आहे हे रुग्णालयालाही माहीत होतं. मी तो मसुदा दोन दिवस टेबलावर ठेवला आणि फाडला.

मी : का?

काका : कारण त्याच रुग्णालयाकडे माझी आधीची तीन बिलं थकली होती.

यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. बिलं अडकवून ठेवण्याची ताकद किती असते, ते मला माझ्या खुर्चीतून माहीत आहे. त्यासाठी काही वाईट करावं लागत नाही. फाइल फक्त वरून खाली ठेवायची.

मी : तुम्ही परत आल्यावर कायदा बदलला, काका. २०२० च्या एप्रिलपासून तक्रार खरी ठरली की शुल्क परत मिळतं. आणि तुमच्या जावक क्रमांकासारखी चूक असेल तर दुरुस्त करायला २४ तास द्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही न केलेली तक्रारसुद्धा कुठेतरी पोहोचली.

काका : पोहोचली, आणि मला त्याचा आनंद आहे. तिथला माझा एक जुना मित्र अजून माल पुरवतो. तो म्हणतो, २४ तासांचा नियम हा सगळ्या सुधारणेतला सर्वांत माणुसकीचा नियम. पण तूही हे बघ, तक्रार सोपी ठेवली की तिचाही धंदा होतो. तक्रार लागली की खरेदी थांबते. मग काही जण लांबून कुठल्याही निविदेवर तक्रार ठोकायचे आणि मागे घ्यायचे पैसे मागायचे. त्यांना 'टेंडर ट्रोल' म्हणायचे. अवघड केली तर माझ्यासारखा गप्प बसतो, सोपी केली तर हे लोक येतात.

मी : तरी एकूण खरेदी स्वस्त झाली. अपेक्षित किंमत आणि लिलावातली किंमत यांतला फरक—

काका : अपेक्षित किंमत कोण ठरवतं? खरेदीदार. त्याने ती फुगवून लिहिली की बचतही फुगते. तो आकडा मला कधी सांगू नकोस. त्यापेक्षा निविदेनंतर काय होतं ते विचार. दर कमी लावून काम घ्यायचं आणि करार झाल्यावर पुरवणी करार करत सुटायचं. बाजारभाव चढला तर दहा टक्क्यांपर्यंत दरवाढ देता येईल, असं कलम होतं. हेतू चांगलाच होता. लोकांनी त्याचा जिना केला. आज दहा टक्के, पुढच्या महिन्यात त्यावर दहा टक्के. इंधन, वीज, गॅस यांत हे फार चाललं. २०२० मध्ये नव्वद दिवसांतून एकदाच अशी मर्यादा घातली, तीही या तीन वस्तू वगळून! मग प्रामाणिक दर लावणारा दरवेळी हरतो आणि लिलावात हरलेल्यांचे चेहरे कुणाला दिसत नाहीत.

मी : २०२४ च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या महापीठाने सांगितलं की सगळ्या वाढी मिळून दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

काका : आठ वर्षांनी. या आठ वर्षांत किती जणांनी सरकारी कामाचा नाद सोडला असेल?

मी : पण दरवाढ अजिबात नको, असंही तुम्ही म्हणणार नाही.

काका : कसं म्हणेन? मी स्वतः त्यात बुडालो आहे. २०१३ च्या शेवटी एक करार केला, तेव्हा डॉलर आठ ह्रिव्नियाच्या आसपास. माल भारतातून, डॉलरमध्ये. विकायचा ह्रिव्नियात. माल दिला, पैसे आले नाहीत. २०१४ गेलं. २०१५ च्या फेब्रुवारीत डॉलर काही दिवस तिशीच्या घरात होता. मला माझी बिलं पुढे पूर्ण मिळाली, एक कोपेक कमी नाही. त्या पैशांत जेवढा माल दिला होता त्याच्या निम्मासुद्धा आला नसता. तुझ्या नोंदीत ते 'पूर्ण प्रदान' म्हणून गेलं असतं. तुझ्या काकूने तेव्हा बांगड्या मोडल्या, ते तुला माहीत नसेल.

मला खरंच माहीत नव्हतं.

एवढा वेळ मी बचाव करत होते. पण एक गोष्ट माझ्या मनात होती आणि ती विचारल्याशिवाय हे बोलणं खरं झालं नसतं.

मी : काका, रागावू नका. २०१५ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या संसदेने कायदा केला आणि औषधांची केंद्रीय खरेदी आरोग्य मंत्रालयाकडून काढून युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि ब्रिटनची क्राउन एजंट्स यांच्याकडे दिली. एका सार्वभौम देशाने म्हटलं, आमचा आमच्याच खरेदीवर विश्वास नाही, तुम्ही करा. रुग्णांच्या संघटनांनी हे मागून घेतलं, कारण औषधांचा पैसा मधल्या कंपन्यांमध्ये जिरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या दृष्टीने तुम्हीही मधलेच होता.

काका : म्हणजे मी गॅस्केट?

मी : मी तसं म्हणत नाही. त्यांना तसं का वाटू नये, ते सांगा.

काका : सांगतो. माझं गोदाम होतं. शीतपेट्या होत्या. वीज गेली की जनित्र चालवायला रात्री मी स्वतः जायचो. रुग्णालयाकडे पैसे नसताना सहा-सहा महिने उधार माल दिला. गॅस्केट यातलं काही करत नाही. पण... तुझा प्रश्न चुकीचा नाही. बाहेरून बघणाऱ्याला माझ्यात आणि त्याच्यात फरक दिसण्याची सोय नव्हती. कागद दोघांचे सारखेच. किंबहुना त्याचे जास्त नीट, कारण त्याला तेवढंच काम. युनिसेफवाले उत्पादकाकडून थेट माल घ्यायला लागले, त्यात भारतीय माल भरपूर गेला आणि माझी काही कामं गेली. माझं नुकसान झालं. एखाद्या आईला मुलाचं औषध वेळेवर मिळालं असेल तर त्या नुकसानीची तक्रार मी कुणाकडे करू? पुढे २०१८ मध्ये त्यांनी या कामासाठी स्वतःची सरकारी संस्था काढली, खरेदी हळूहळू घरी आली. तसंच व्हायला हवं होतं. उसन्या हातांवर देश किती दिवस चालवणार?

युद्धाबद्दल काका फारसं बोलत नाहीत. २४ फेब्रुवारी २०२२ नंतरचे काही आठवडे ते रात्रभर फोन घेऊन बसायचे. एकीकडे जुने सहकारी, दुसरीकडे तिथे डॉक्टरकी शिकायला गेलेल्या, बंकरमध्ये अडकलेल्या आपल्या मुलांचे इथले आईवडील. मी खरेदीपुरतंच विचारलं. चार दिवसांत सरकारने स्पर्धेविना थेट खरेदीची मुभा दिली, ती त्या वेळी द्यायलाच हवी होती, यावर आमचं एकमत आहे. ऑक्टोबरमध्ये, बॉम्ब पडत असतानाच, खुल्या निविदा बहुतेक खरेदीसाठी परत आणल्या.

मी : आणि अंडी?

काका : अंडी! जानेवारी २०२३. सैन्याच्या शिध्यात एक अंडं १७ ह्रिव्नियाला लावलेलं, दुकानात ते सातच्या आसपास. एका पत्रकाराने छापलं आणि आठवड्याभरात संरक्षण उपमंत्री घरी गेले. त्यानंतर सैन्याच्या अशा खरेदीचे दर जाहीर करण्याचा कायदा झाला.

मी : हेच मला दोन दिवस तुम्हाला सांगायचं होतं. उपमंत्री जाण्यापेक्षा मला ते अंडं महत्त्वाचं वाटतं. युद्ध चालू असताना लोक एका अंड्याचा दर विचारतात, कारण सात वर्षं त्यांना दर बघायची सवय लागली होती. तुमच्या तोल्काचच्या काळात कुणी विचारलं असतं?

काका : विचारायला आकडा कुठे होता? बरं, एवढं मी मान्य करतो. याला 'पण' लावत नाही.

मी : खरंच?

काका : खरंच. फक्त एक सांगतो. अंड्याचा दर नागरिकाला खुपला. पुरवठादाराला खुपतं ते वेगळं, ते बातमीत येत नाही. दोन लाख ह्रिव्नियांच्या आत असेल तर पूर्ण निविदेची गरज नाही असा नियम होता तेव्हा १,९९,००० ची किती कंत्राटं निघाली, हे तिथल्या कुठल्याही वितरकाला विचार.

मी : खरेदीचे तुकडे पाडणे. आमच्याकडे लेखापरीक्षणात याच शब्दांत आक्षेप येतो.

काका : शब्दही तयार आहे म्हणजे रोग जुना आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मी चहा पिताना लॅपटॉप उघडून बसले होते. हातमोजे आणि ड्रेसिंगच्या सामानाची एक निविदा दोन दिवसांत लावायची होती. काका म्हणाले, वाचून दाखव, मी पुरवठादार म्हणून ऐकतो. मी अटी वाचायला लागले. पहिली, जीएसटी नोंदणी. ते मान हलवत होते. दुसरी, उलाढाल. तिसरी, याच जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयास मागील तीन वर्षं सलग पुरवठा केल्याचा दाखला.

"थांब," काका म्हणाले. "मी इथेच फाइल मिटली असती."

"पण अनुभव नको का बघायला?"

"अनुभव बघ. याच जिल्ह्यातला कशाला? हातमोजा नाशिकला वेगळा बसतो का? ही अट कुणी घातली?"

"मागच्या वर्षीच्या निविदेतून आली आहे. आम्ही तीच फाइल घेऊन तारखा बदलतो."

"आणि मागच्या वर्षी कुठून आली?"

मी जुन्या फाइली उघडल्या. त्याच्या आधीच्या वर्षी होती, त्याच्याही आधी होती. सगळ्यांत जुनी जी माझ्याकडे होती, तिच्यातही ती तिसऱ्याच क्रमांकावर होती, त्याच शब्दांत, 'सलग'मधली तीच टंकनाची चूक घेऊन. त्या पाच वर्षांत किती निविदाकार आले, ते मी शोधलं. दोन, दोन, एक, दोन, एक.

काकांनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. "हे बाकीचे कुठे गेले ते मला विचार," ते म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून चौथी अट वाचायला लागले.